भिवराबाईचं रेडकू

भिवराबाईचं कुणीच खरं मानलं नाही.

ती सांगून सांगून दमली, की बायांनो, मी नुसती बघते. बघणं म्हणजे नजर लावणं नव्हे. बघितल्याबिगर शिवायचं कसं? पण आसणघळीच्या माणसांनी तिच्याकडं पाठ केली ती केलीच. गाव असंच असतं. ज्याला जे मानायचं ते त्यानं आधीच मानलेलं असतं. मग तुम्ही गळा फाडा, नाहीतर देवाच्या पायरीवर डोकं आपटा.

तर ही भिवराबाई कोण, ते आधी ऐका.

घाटाला अजून गाडीरस्ता नव्हता, मीठसुद्धा बैलाच्या पाठीवरून वर यायचं, त्या काळातली ही बाई. आसणघळ म्हणजे डोंगराच्या खांद्यावर बसलेलं गाव. एका अंगाला रान, दुसऱ्या अंगाला खोल घळ, आणि मधे म्हशींचे गोठे. सगळं गाव म्हशींवर जगायचं. लोणी कढवायचं, तूप करायचं, घाट उतरून बाजाराला न्यायचं. त्या गावात भिवराबाई वाकळा शिवायची. विरलेली लुगडी, फाटकी धोतरं लोक तिच्या ओट्यावर आणून टाकायचे. ती थरावर थर घालून असा दाट धावदोरा घालायची, की वाकळ फाटायच्या आधी पांघरणारा म्हातारा व्हायचा.

आणि उरलेल्या चिंध्यांची ती जनावरं करायची. ससा, मुंगूस, साळिंदर, वानर. पोटात सावरीचा कापूस, नाहीतर भाताचा कोंडा. गावातलं प्रत्येक पोर तिचं जनावर काखेत घेऊन झोपायचं. असं म्हणतात, तिचं चिंध्यांचं मुंगूस एकदा अंगणात पडलं होतं, तर खरा नाग त्याला बघून फणा मिटून आल्या वाटेनं परत गेला. असं म्हणतात, तिनं शिवलेल्या वानराला खऱ्या वानरांनी छपरावरनं पळवून नेलं आणि त्याच्या उवा काढत बसली. खरं-खोटं त्या वानरांना ठाऊक.

लोक विचारायचे, "भिवराबाय, तुला हे सुचतं तरी कुठनं? सपान पडतं व्हय?"

ती म्हणायची, "सपान पडायला झोपावं लागतं. मी जागी ऱ्हाऊन बघते."

आणि ती खरंच बघायची. रानाच्या कडेला खडकावर जाऊन बसायची. नुसती बसायची. जनावर आधी तिला बघून दबकायचं, मग लांबून फिरायचं, मग जवळ यायचं आणि शेवटी तिला विसरून जायचं. ते विसरलं की मग तिचं काम सुरू व्हायचं. कारण आपल्याला विसरल्याशिवाय जनावर स्वतःच्या चालीनं चालत नाही. ठमा म्हणून तिची शेजारीण होती, जिभेची धारदार. तिनं एकदा स्वतः ससा शिवून बघितला. लांबच लांब कान लावले आणि दाखवायला आणला. भिवराबाई म्हणाली, "ठमे, हा ससा न्हाई, हे कान लावलेलं वांगं हाय. ससा कानात नसतो गं. मागल्या पायात असतो. आत्ता उडी मारंल का मग मारंल, असे पाय पायजेत." ठमा आठ दिवस बोलली नाही. मग ससा उसवून परत शिकायला आली.

असं सगळं बरं चाललं होतं. आणि मग ते वाईट साल आलं.

आधी भिवराबाईची एकुलती एक लेक माहेरी बाळंतपणाला आली आणि बाळंतपणातच गेली. मागं तान्ही नात. अजून बारसंसुद्धा झालेलं नव्हतं. जावई तोंड दाखवायलाही आला नाही. भिवराबाईनं डोळे पुसले आणि नात पदराखाली घेतली. पण आजीच्या पदराखाली दूध कुठलं? नात म्हशीच्या दुधावर वाढायला लागली.

त्याच्या मागोमाग बुळकांडी आली. गुरांचा तो रोग ज्यांनी बघितला त्यांनी परत कधी बघू नये. गोठेच्या गोठे रिकामे झाले. गिधाडांना उडता येईना, इतकी ती खाऊन जड झाली. रोग ओसरला तेव्हा साऱ्या आसणघळीत एकच दुभती म्हैस उरली. चांदी. कपाळावर पांढरा टिळा होता, म्हणून चांदी. ती होती गावच्या कारभाऱ्याची. नुकतीच व्यालेली, खाली काळंभोर रेडकू.

कारभारी माणूस कसा, म्हणाल तर गोड बोलणारा. गावाचा न्यायनिवाडा तोच करायचा. चांदीचं दूध तो भिवराबाईच्या नातीला वाटीभर द्यायचा आणि सगळं गाव म्हणायचं, वा, कारभारी म्हणजे देवमाणूस. बाकीच्या दुधाचं तो तूप करायचा. त्या साली सगळीकडचीच गुरं गेली होती, तेव्हा खाली बाजारात तुपाला सोन्याचा भाव होता. ते कुणी बोलत नव्हतं.

भिवराबाई वाटी घेऊन रोज गोठ्यात जायची. आणि गेली की रेडकाकडं बघत बसायची. नातीसाठी एक रेडकू शिवायचं तिच्या मनात होतं. रेडकू उठतं कसं, कान कसे पाडतं, खुंट्याला बांधलेलं असलं की मान किती ताणतं, सगळं ती डोळ्यांत साठवून घ्यायची. आमच्याकडं आधीच म्हणायची पद्धत, की दूध पिणाऱ्या रेडकाकडं टक लावून बघू नये. पण ती बघायची.

आणि एका सकाळी खुंटा रिकामा.

कारभारी ओरडत बाहेर आला, "बिबट्यानं नेलं! माझं रेडकू बिबट्यानं नेलं!" माणसं काठ्या घेऊन रानात धावली, हात हलवत परत आली. आणि त्या दिवसापासून चांदीनं पान्हा चोरला. कासेला हात लावला की लाथ. वैरण ठेवली, आंबवण ठेवलं, गोंजारलं, मारलं. थेंब नाही. कास दगडासारखी टणक, पण सडातून थेंब नाही.

मग कारभारी देवळापुढं उभा राहिला आणि सगळ्यांच्या देखत म्हणाला, "बिबट्या तर रानात नेहमीचाच हाय. माझ्याच गोठ्यात कसा शिरला? रोज कोण डोळे फाडून बघत बसायचं रेडकाकडं? रेडकू तिच्या नजरंनं गेलं आणि दूधबी तिच्याच नजरंनं आटलं."

सगळ्यांच्या माना भिवराबाईकडं वळल्या.

"आटलं न्हाई," भिवराबाई म्हणाली. "म्हस आटली असती तर कास लोंबली असती. ती पान्हा चोरते. लेकरू न्हाई म्हणून चोरते. आणि मी नुसती बघत होते, कारभारी. बघितल्यानं रेडकू मरतं तर तुमच्या तोंडाकडं बघून सारा गाव कवाच मेला असता."

हसू आलं काहींना, पण त्यांनी ते गिळलं. कारभाऱ्याच्या पुढं कोण हसणार?

गावात सगळ्यांत म्हातारे होते दौलूआबा. दात एकही नव्हता, पण शब्दाला वजन होतं. ते म्हणाले, "पूर्वी रेडकू मेलं तर त्याच्या कातड्यात पेंढा भरून म्हशीम्होरं ठेवायचे. म्हस चाटायची आणि सोडायची. कातडं घावलं असतं तर..."

"कातडं कुठलं, आबा!" कारभारी घाईनं म्हणाला. "बिबट्यानं शेपटाचा गोंडासुद्धा मागं ठेवला न्हाई."

"कातडं नसंल तर नसंल," भिवराबाई म्हणाली. "मी शिवते."

"काय शिवतीस?"

"रेडकू."

आता मात्र सगळे खदाखदा हसले. चिंध्यांचं रेडकू म्हशीपुढं ठेवणार! पोरांची खेळणी ही, म्हशीला भातुकली मांडून देणार! भिवराबाई हसणं थांबेपर्यंत उभी राहिली. काखेत नात होती. वाटीभर नाचणीच्या पेजेवर ती तगून होती, आणि रडायचा आवाज रोज बारीक होत चालला होता. मोठ्यानं रडणाऱ्या पोराची काळजी नसते बाई, आवाज बारीक झाला की आईचं काळीज फाटतं.

कारभारी म्हणाला, "शीव. येत्या पुनवंपतूर शीव. न्हाई जमलं तर चांदीला खाली कसायाच्या बाजारात नेतो. आणि तू तुझी नात घेऊन गाव सोडायचंस. नजरंची बाई इथं नको."

"कबूल," भिवराबाई म्हणाली.

घरी आली तर ठमा ओट्यावर बसलेली. म्हणाली, "अगं मेले, जीभ हाय का दाभण! कशाला कबूल केलंस?" आणि असं म्हणता म्हणता तिनं स्वतःची काळी घोंगडी पुढं टाकली. "घे. थंडीनं मेले तर तुझ्या उरावर बसायला येईन."

भिवराबाई शिवायला बसली. तिनं घोंगडी कापली, पोट भरलं, पाय भरले, भुसा ठासून ठासून भरला. रिठ्याच्या बियांचे डोळे लावले. असं रेडकू झालं की विचारू नका! गोल पोट, गुबगुबीत मान, चकचकीत डोळे. ते बघायला गाव लोटला. पोरं त्याच्या गळ्यात पडली. खुद्द दौलूआबा म्हणाले, "आता फकस्त हंबरायचं बाकी हाय."

चांदीपुढं नेऊन ठेवलं. चांदीनं एकदा हुंगलं. मग मान खाली घातली आणि शिंगावर घेऊन असं भिरकावलं, की रेडकू दावणीवर आपटून फुटलं आणि बघ्यांच्या डोक्यांवर भुसा पडला.

कारभारी पोट धरून हसला.

भिवराबाई नाही हसली, नाही रडली. गोठ्यात वाकून एकेक चिंधी गोळा केली. घरी जाताना ठमाला म्हणाली, "मी माणसांसाठी शिवलं गं. माणसं डोळ्यांनी बघतात, त्यांना फसवणं सोपं. म्हस कशानं बघते?"

म्हैस नाकानं बघते, जिभेनं बघते. मग तिनं रेडकू जिथं झोपायचं तिथली माती खरवडून आणली, रेडकाच्या लेंडाची, मुताची, तिथल्या ओल्या गवताची. त्यात घोंगडीचे तुकडे मुरवले. पाठीला मीठ चोळलं. ठमा नाक धरून म्हणाली, "आता तुझ्यासंगट मलाबी गावाबाहेर काढतील." परत शिवलं, परत भरलं, परत नेलं. या खेपेला चांदी पुढं आली. हुंगलं. पाठ चाटली. चांदीनं नाकानं रेडकाला हळूच लोटलं, जशी म्हैस लेकराला कासेकडं लोटते तशी. आणि रेडकू धप्पकन आडवं पडलं. भुशाचं पोतं पडावं तसं. चांदी थबकली. मग तिनं तोंड फिरवलं आणि भिंतीकडं बघत उभी राहिली. लाथ मारली असती तर बरं होतं. ते तोंड फिरवणं भिवराबाईच्या काळजात रुतलं.

आता पुनव तोंडावर आली. गावानं तिच्या ओट्यावर चिंध्या टाकणंही बंद केलं. पोरांच्या काखेतली जनावरं आयांनी काढून घेतली, काहींनी चुलीत घातली. ठमा सांगायला आली आणि सांगताना स्वतःच रडायला लागली. भिवराबाई म्हणाली, "जळू दे. जळलेलं परत शिवता येतं. ही पोरगी न्हाई शिवता येणार."

दुपारची वेळ होती. नात मांडीवर होती, डोळे मिटलेले. भिवराबाई भिंतीला टेकून नुसती बसली होती, हातात सुई आणि डोकं रिकामं. नेहमी तिला जनावर बघून सुचायचं, आणि आता ज्याला बघायचं ते जनावरच नव्हतं. इतक्यात नात हलली. डोळे न उघडता तिनं तोंड वळवलं आणि आजीच्या वाळल्या छातीवर कपाळानं ढुशी मारली. एकदा मारली, दोनदा मारली. मान लुळी, डोकं जड, अंगावरची कातडी सैल. भिवराबाईनं नातीच्या पाठीवरून हात फिरवला तर बोटाला मणका न मणका लागला.

आणि तिचा हात तिथंच थांबला.

कारण हे अंग तिच्या ओळखीचं होतं. हे असंच तिनं आधी बघितलं होतं. गोठ्यात, रोज, वाटी हातात घेऊन. रेडकाची सैल कातडी. वर आलेलं माकडहाड. मान ताणली तरी कासेपर्यंत न पोचणारं, आखूड दाव्यानं बांधलेलं तोंड. तिनं सगळं बघितलं होतं, सगळं डोळ्यांत साठवलं होतं, आणि शिवताना मात्र विसरली होती. पोरांना आवडतं तसं गुबगुबीत शिवलं होतं.

"ठमे!" ती अशी ओरडली की ठमा पिठाच्या हातानं धावत आली. "ठमे, ते रेडकू उपाशी होतं गं! मी भरल्या पोटाचं रेडकू केलं. चांदीचं लेकरू भरल्या पोटाचं कधी नव्हतंच!"

मग तिनं उसवायला घेतलं. भुसा सगळा काढून टाकला. कारवीच्या काड्या वाकवून फासळ्या केल्या आणि घोंगडी त्यावर सैल टाकली, इतकी सैल की फासळ्या मोजता याव्यात. गुडघ्यांना चिंध्यांच्या गाठी केल्या. पाय बारीक, जरा वाकडे. डोक्यात ओढ्याची वाळू भरली, म्हणजे ते जड होईल, आणि मानेचे टाके ढिले सोडले, म्हणजे ते लोंबेल. पोटात काहीच घातलं नाही. एक चिंधीसुद्धा नाही. आणि मानेखाली आपला हात आत जाईल एवढी वाट ठेवली. असं म्हणतात, ती शिवत होती तेव्हा ओट्यासमोरच्या सावरीवर कावळासुद्धा ओरडला नाही. असं म्हणतात, सुईतला दोरा संपला तेव्हा तिनं स्वतःच्या डोक्याचे केस ओवले. ते खरं असेल. त्या बाईचं काही सांगता येत नाही.

पुनवेच्या सकाळी ती रेडकू काखेत घेऊन निघाली. दुसऱ्या काखेत नात. गोठ्यापुढं गाव जमलेलंच होतं. फजिती बघायला गाव कधी उशीर करत नाही.

तिनं रेडकू खाली ठेवलं आणि हसणं मधेच तुटलं. ते रेडकू बघून कुणाला हसता येईना. बायकांनी पदर तोंडाला लावला.

"हे कसलं रेडकू?" कोणीतरी म्हणालं. "हा तर हाडांचा सापळा."

कारभारी पुढं आला. त्याचा गोड आवाज कुठंतरी गेला होता. "ही माझ्या गोठ्याची बदनामी हाय! माझं रेडकू असं नव्हतं. चांगलं गुबगुबीत होतं!"

"गुबगुबीत मी आधी शिवलं होतं," भिवराबाई म्हणाली. "चांदीनं ते शिंगावर घेतलं. आता हे बघू दे तिला. तुम्ही खरं का मी खरी, ते म्हस सांगंल. ती तुमचं मीठ खाते, माझं न्हाई."

दौलूआबा म्हणाले, "लांब सरा. बघू द्या."

नात तिनं ठमाच्या हातात दिली. मग ती गोठ्यात शिरली, चांदीच्या मागल्या पायांपाशी, जिथं लाथ बसली तर माणूस परत उठत नाही तिथं उकिडवी बसली. रेडकाच्या मानेत हात घातला. आणि नातीनं जशी मारली होती तशी, कपाळ खाली घालून, लुळ्या मानेनं, कासेला ढुशी मारली.

चांदीनं पाय उचलला. भिवराबाई हलली नाही. परत ढुशी मारली.

चांदीनं मान मागं वळवली. हुंगलं. मग तिनं त्या फासळ्यांवरून जीभ फिरवली. एक-एक फासळी चाटली, माकडहाड चाटलं, वाकडे गुडघे चाटले. आणि हंबरली. ज्यांनी ते हंबरणं ऐकलं त्यांनी मरेपर्यंत सांगितलं, की घळीच्या पलीकडच्या डोंगरानं ते हंबरणं परत केलं आणि सगळे रिकामे गोठे एकदम भरल्यासारखे वाटले. पाय खाली आला. कासेला ओल सुटली. आणि दूध आलं. धार काढायला कुणी हात लावायच्या आधीच चारही सडांतून दूध ठिबकायला लागलं. असं म्हणतात, ते इतकं आलं की कासंड्या भरल्या, घागरी भरल्या, तरी खाली दुधाचा ओहोळ लागला. असं म्हणतात, चिंध्यांच्या त्या रेडकाचं रिकामं पोट सगळ्यांच्या देखत हळूहळू फुगत गेलं आणि त्यानं शेपटी हलवली.

ठमानं पदराचा बोळा दुधात भिजवला आणि नातीच्या तोंडात दिला. नातीनं आधी तोंड वाकडं केलं. मग चोखला. मग बोळा सोडून असा टाहो फोडला की ठमा दचकली. अजून हवं होतं तिला. भिवराबाई म्हशीखाली बसली होती, दुधानं केस भिजलेले, आणि तो मोठा आवाज ऐकत होती. असं म्हणतात, आयुष्यात ती तेवढ्या एकाच वेळी लोकांसमोर रडली.

पण कारभारी गप्प बसेल तर कारभारी कसला? तो पुढं झाला आणि रेडकू हिसकावून घ्यायला त्यानं त्याच्या गळ्याला हात घातला.

चांदीनं त्याला बघितलं. ज्या म्हशीला त्यानं रोज वैरण घातली होती तिनं शिंगं खाली केली, दावं ताडकन तोडलं आणि त्याच्यावर धावली. दुसऱ्या कुणाला तिनं धक्का लावला नाही. ठमा वाटेत उभी होती, तिला वळसा घालून गेली. कारभारी पळाला. देवळाला वळसा घालून पळाला, गावाबाहेर पळाला, आणि चांदी त्याच्या मागं. घळीच्या काठावर जाऊन तो थांबला. पुढं जागाच नव्हती. चांदी त्याच्यापुढं उभी राहिली, घळीत खाली बघून हंबरली, आणि हलेना.

दौलूआबा काठी टेकत तिथं पोचले. खाली बघितलं. म्हणाले, "उतरा रे कुणीतरी."

दोघंजण वेलींना धरून उतरले. खाली कपारीत रेडकू होतं. वाळलेलं, पण ओळखू येत होतं. अंगावर दाताचा एक वण नव्हता. चारही पाय एकत्र, दाव्यानं बांधलेले.

"बिबट्या लई शिकलेला दिसतो," भिवराबाई म्हणाली. "गाठ मारायला शिकलाय."

मग कारभारी बोलला. त्याला ओरडून विचारावं लागलं नाही. म्हणाला, "आबा, टोणगा होता तो. रेडी असती तर पाजली असती. टोणग्याला पाजून काय मिळतं? निम्मं दूध त्याच्याच पोटात जायला लागलं. आधी आखूड बांधला. तरी मरंना, नुसता बघायचा कासंकडं. शेवटी टाकला. वाटलं, आता सगळं दूध आपलं." मग त्यानं सगळ्यांकडं बघितलं आणि म्हणाला, "तुमच्यातल्या कुणी टोणगा आखूड बांधला न्हाई, त्यानं पुढं यावं."

कुणी पुढं आलं नाही.

त्यानं खरं विचारलं होतं, आणि तेच सगळ्यांत वाईट होतं. रेडकाला बाजूला केलं की म्हैस पान्हा चोरते, हे म्हशींत जन्म काढलेल्या माणसाला कळू नये? पण तुपाची हाव सुटली की गवळ्यालाही म्हैस कळेनाशी होते. फक्त भिवराबाई पुढं आली आणि म्हणाली, "इतरांचं इतर बघतील. उपाशी मारलं तुम्ही, आळ घातलात माझ्यावर, आणि जीव जाणार होता माझ्या नातीचा. हे तिन्ही तुमचंच हाय."

कारभारी त्याच दिवशी घाट उतरला. परत आला नाही. चांदी गावाची झाली.

भिवराबाई पुढं खूप जगली. नातीचं बारसं झालं, लग्न झालं, तिची पोरं ओट्यावर खेळली. घाटाखालच्या गावांतून माणसं वर यायची. कुणाची गाय रुसली, कुणाची शेळी पिलू मेल्यावर चारा खाईना. ती आधी जाऊन बसायची, जनावर तिला विसरेपर्यंत बघायची आणि मग शिवायची. आता तिच्या बघण्याला कुणी नावं ठेवत नव्हतं. उलट आया आपली तान्ही पोरं तिच्यापुढं आणून ठेवायच्या, म्हणायच्या, आक्का, जरा बघ गं ह्याच्याकडं. ती गेली त्या दिवशी आसणघळीतल्या सगळ्या म्हशींना बिनबोलावता पान्हा फुटला, असं म्हणतात, आणि गावानं तिला दुधानं न्हाऊ घातलं.

आजही वसुबारसेला आसणघळीत गाईबरोबर म्हशीची पूजा होते. त्या दिवशी माणसानं दुधाला बोट लावायचं नाही. रेडकू सोडायचं, मग ते रेडी असो का टोणगा, आणि त्याचं पोट तट्ट फुगेपर्यंत पिऊ द्यायचं. सकाळी देवळापुढं बाया मिळून चिंध्यांचं एक रेडकू शिवतात. सुंदर करायचं नाही, भरायचं नाही. फासळ्या दिसल्या पाहिजेत. मग गावातली पोरं ते खांद्यावर घेऊन दारोदार जातात, आणि प्रत्येक घरानं मूठभर सावरीचा कापूस त्याच्या पोटात घालायचा. शेवटच्या घरापर्यंत पोट भरतं, मग ते शिवून टाकतात आणि गावात त्या साली जन्मलेल्या सगळ्यांत धाकट्या पोराच्या उशाला ठेवतात.

पण कापूस घालायच्या आधी पोरं दार अडवून विचारतात, "रेडकू कुणी मारलं?"

घरधनी कितीही मोठा असो, त्यानं उंबऱ्यात उभं राहून उत्तर द्यायचं असतं. 'बिबट्यानं' म्हटलं तर पोरं हलत नाहीत. 'नजरंनं' म्हटलं तर शेणाचा गोळा बसतो. वर्षभर जे नाव गावात कुणी तोंडात घेत नाही, कुठल्या पोराला ठेवत नाही, ते त्या दिवशी घरोघरी, पार शेवटच्या घरापर्यंत, मोठ्यानं घ्यावं लागतं:

"हैबती कारभारी!"